आवडलेल्या कथेचे दोष कळल्यावर

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चोवीस वर्षांची आहे. शाळेत असल्यापासून ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, पाहते आणि व्हिडिओ गेम खेळते. गेली दोन-तीन वर्षे या दोन्हींवरची समीक्षा मी पुष्कळ वाचते, ऐकते. आता असे झाले आहे की कोणतीही मालिका लावली की पाचव्या मिनिटाला माझे मन दोष मोजू लागते: हा संवाद केवळ माहिती पुरवण्यासाठी घातला आहे, या पात्राचा निर्णय पटत नाही, हा भाग निव्वळ वेळकाढू आहे. मध्यंतरी साठ तासांचा एक गेम मी मनापासून खेळले आणि शेवटी रडलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याचे एक सविस्तर परीक्षण ऐकले. त्यात कथानकातील विसंगती एकेक करून दाखवल्या होत्या आणि त्यांतली एकही मला खोडता आली नाही. तेव्हापासून मला त्या रडण्याची लाज वाटते. माझा धाकटा भाऊ माझ्या शेजारी बसून मालिका पाहायचा. त्याला आवडलेला एक भाग किती कच्चा लिहिला आहे हे मी त्याला समजावून सांगितले. आता तो माझ्यासोबत बसत नाही. मैत्रिणी म्हणतात, ‘करमणूकच तर आहे, एवढा विचार कशाला?’ तेही पटत नाही. कमकुवत कथा आवडणे म्हणजे अभिरुची कच्ची असणे का? समीक्षा वाचणे सोडून देऊ का?

– एक वाचक

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातील ‘त्यांतली एकही मला खोडता आली नाही’ या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. त्या विसंगती खोडून काढण्याची गरज तुम्हाला का वाटली, हा प्रश्न मला तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांहून महत्त्वाचा वाटतो. तुमचे रडणे हे जणू एखाद्या वादात तुम्ही मांडलेले मत होते आणि समोरच्याने पुरावे दिल्यावर ते मागे घेणे तुम्हाला भाग पडले, असे तुम्ही धरून चालला आहात. परंतु रडणे हे मत नव्हे. ती घडून गेलेली गोष्ट आहे. साठ तास लक्ष देऊन खेळलेल्या एका माणसाच्या बाबतीत त्या गेमने ते घडवून आणले, आणि जे परीक्षण त्या गेमविषयी सर्व काही सांगण्याचा दावा करते, त्याला हे कसे घडले याचाही हिशेब द्यावा लागतो. त्यातील प्रत्येक आक्षेप खरा असूनही तुम्हाला रडू का आले हे त्यावरून कळत नसेल, तर ते परीक्षण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाची शिक्षा तुम्ही स्वतःला देत आहात.

आक्षेप खोटे होते असे मी म्हणत नाही. कथानकात विसंगती असू शकतात आणि त्या दाखवणे हे योग्य काम आहे. आपल्याकडील रसचर्चेत अभिनवगुप्त या काश्मिरी आचार्याने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत, आणि त्यांतले पहिले आहे ‘संभावनाविरह’, म्हणजे समोर जे घडते आहे ते घडू शकते असे प्रेक्षकाला न वाटणे. आज ज्याला सर्रास प्लॉट होल, म्हणजे कथानकातली फट, म्हटले जाते, त्याचा मोठा भाग या एका विघ्नात बसतो. परंतु त्याच यादीत ‘निजसुखादिविवशीभाव’ नावाचे आणखी एक विघ्न आहे: पाहणारा स्वतःच्याच सुखदुःखात इतका अडकलेला असतो की प्रयोगात त्याचे मन शिरतच नाही. ‘हे मला आवडले तर माझ्याविषयी काय ठरेल’ ही चिंता मला याच जातीची वाटते. तुमच्या पाचव्या मिनिटाच्या हिशेबामागे कलाकृतीतील दोषांपेक्षा ही चिंता अधिक असावी, कारण दोष खरोखर खुपला तर तो आपणहून खुपतो. त्याच्या शोधात निघावे लागत नाही. खेळताना त्या साठ तासांत तुम्हाला त्या विसंगती खुपल्या नाहीत, म्हणजे तुमच्यापुरते ते पहिले विघ्न आलेच नाही. दुसरे मात्र परीक्षण ऐकल्यानंतर आले.

आता कथा या शब्दाकडे वळू, कारण गेमच्या बाबतीत बहुतेक गोंधळ येथेच होतो. परीक्षक जेव्हा गेमची कथा तपासतो, तेव्हा तो बहुधा कटसीन (खेळ थांबवून दाखवले जाणारे कथेचे प्रसंग) आणि संवाद यांचा सारांश काढून तो तपासतो. तो सारांश कादंबरीच्या सारांशासारखा दिसतो, आणि मग कादंबरीचे माप त्याला लावले जाते. गेममधील कथेचा मोठा भाग मात्र खेळणाऱ्याच्या हातांतून घडतो आणि सारांशात तो कधीच उतरत नाही. २००५ साली आलेला ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा गेम घ्या. एक तरुण एका मृत मुलीला परत आणण्यासाठी एका उजाड प्रदेशात जातो आणि तिथले सोळा महाकाय जीव एकामागून एक मारतो. कथानक एवढेच, आणि त्याचा शेवट मी येथे सांगणार नाही. संवाद जवळजवळ नाहीत. कथानक म्हणून तपासायला बसलात तर दोन परिच्छेदांत काम संपेल.

पण खेळताना काय होते ते पाहा. त्या महाकाय जीवाच्या अंगावर चढताना त्याच्या केसांना धरून राहण्यासाठी कंट्रोलरवरचे एक बटण दाबून धरावे लागते. तो अंग झाडतो तेव्हा तुमचे बोट आपोआप अधिक घट्ट होते, यंत्राला त्या जादा दाबाची काहीही गरज नसताना. त्या तरुणाची ताकद संपत चालल्याचे पडद्यावर दिसत असते आणि तुमचा हातही अवघडलेला असतो. त्याचा हट्ट तुम्हाला कोणी सांगितलेला नसतो. तो तुमच्या मुठीत असतो. मग तो जीव कोसळतो, आणि विजयाचे संगीत वाजायला हवे तिथे शोकाचे सूर ऐकू येतात. एका जागी शांत फिरणाऱ्या प्राण्याला आपण मारले आणि आपण ते इतक्या चिकाटीने केले, ही जाणीव एकाही संवादाविना होते. ‘तू जे केलेस ते’ हा अपराधभाव कादंबरी वाचणाऱ्याला देऊ शकत नाही, कारण वाचणाऱ्याने काही केलेले नसते. तुम्हाला रडवणाऱ्या गेममध्येही असेच काही तुमच्या हातून घडले असणार. त्या साठ तासांपैकी कोणते तास तुमच्या हातांना आठवतात, ते आठवून पाहा. परीक्षणातील विसंगती बहुधा त्या तासांच्या बाहेरच्या असतील.

‘डार्क सोल्स’ या २०११ सालच्या गेमला कथाच नाही, असे म्हणणारे खेळाडू मला भेटले आहेत, आणि त्याच्या कथेवर तासन् तास बोलणारेही भेटले आहेत. दोघांनी खेळलेला गेम एकच. त्यातील बराचसा इतिहास तलवारी, अंगठ्या, चिलखते यांच्या वर्णनांत आणि पडक्या वास्तूंच्या मांडणीत विखुरलेला आहे. जो थांबून वाचतो त्याला तो सापडतो. सगळे सांगून टाकणे हे कथनाचे एकमेव कर्तव्य मानले, तर हा गेम नापास होतो. ते मानायचे कारण नाही.

यावर तुम्ही विचाराल की मग गेमच्या कथेची चिकित्सा करायचीच नाही का. करायची, आणि उत्तम चिकित्सा कशी असते याचे एक उदाहरण माझ्या मनात कायम असते. क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरने २००७ साली ‘बायोशॉक’ या गेमविषयी एक लेख लिहिला आणि ‘ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’, म्हणजे खेळणे आणि कथा यांतला विसंवाद, हा शब्द वापरात आणला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की, या गेमचा खेळण्याचा भाग खेळाडूला केवळ स्वतःचा फायदा पाहण्याची मुभा देतो, कथेचा भाग मात्र त्याला दुसऱ्या एका माणसाला मदत करायला लावतो आणि तिथे निवड ठेवत नाही. त्यामुळे हात एक सांगतात आणि कथा दुसरेच सांगते. हा आक्षेप कथानकाच्या सारांशातून निघालेला नाही. खेळताना नेमके कुठे काहीतरी तुटले, हे स्वतःशी प्रामाणिकपणे तपासल्यावरच तो सुचू शकतो. तो वाचल्यावर ‘बायोशॉक’ लहान होत नाही, उलट गेम या माध्यमात कथा कशी चालते हे अधिक स्पष्ट दिसू लागते. पुढे हाच शब्द अनेकांनी चाबकासारखा वापरला, नायक कटसीनमध्ये सज्जन आणि खेळताना शेकडो माणसे मारतो एवढे दिसले की लगेच तो उच्चारला, हा त्या लेखाचा दोष नाही.

ॲनिमेच्या बाबतीत तुम्ही वेळकाढू भागांचा उल्लेख केला आहे. त्यामागचे कारण माहीत असले तर राग थोडा योग्य जागी जातो. ज्या मालिका आठवड्याला एक भाग या गतीने वर्षानुवर्षे चालत, त्यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, त्याच वेळी आठवड्याला एक प्रकरण या गतीने लिहिली जात असे. एका भागात एकाहून अधिक प्रकरणे सहज संपत असल्यामुळे मालिका मांगाला गाठण्याची भीती सतत असे, आणि मग एक तर प्रसंग ताणले जात किंवा मांगात नसलेले भाग, ज्यांना चाहते फिलर म्हणतात, मध्ये घातले जात. ‘ड्रॅगन बॉल झी’मध्ये पाच मिनिटांत ग्रह फुटेल असे खलनायक सांगतो आणि त्यानंतर तो फुटायला कित्येक भाग जातात. २००९ साली तीच मालिका काटछाट करून ‘ड्रॅगन बॉल काई’ या नावाने पुन्हा दाखवली गेली, तेव्हा जुन्या कथेचा मोठा पल्ला जवळजवळ निम्म्या भागांत मावला. म्हणजे ताण खरोखरच होता. तो चाहत्यांचा भास नव्हता. तरीही दर आठवड्याला पुढच्या भागाची वाट पाहत मोठे झालेले कित्येक प्रेक्षक जुन्या मालिकेवरच प्रेम करतात, आणि मला त्यांचे प्रेम अडाणीपणाचे वाटत नाही. वाट पाहण्याचा काळ हा त्यांच्या अनुभवाचाच भाग होता, आणि काटछाट केलेल्या प्रतीत नेमका तोच नाही.

याहून सूक्ष्म उदाहरण ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चे आहे. हिरोमु अराकावा यांची दोन भावांवरची ही मांगा २००१ ते २०१० या काळात प्रसिद्ध झाली. २००३ सालची ५१ भागांची मालिका सुरू झाली तेव्हा मांगा बरीच अपूर्ण होती, त्यामुळे ती मालिका पुढे स्वतःच्या वाटेने गेली. २००९ सालची ६४ भागांची मालिका मांगाचा मार्ग शेवटपर्यंत धरून राहिली. वीण कोणाची घट्ट आहे असे विचारले तर मी क्षणाचाही विलंब न करता दुसऱ्या मालिकेचे नाव घेईन. परंतु सुरुवातीच्या घटनांपाशी पहिली मालिका जितकी रेंगाळते तितकी दुसरी रेंगाळत नाही, आणि त्या दोन भावांचे दुःख माझ्यापर्यंत पहिल्या मालिकेतूनच अधिक पोहोचले. ‘गती मंद आहे’ हा दोष म्हणून नोंदवताना त्या मंदपणाने काय साधले हे विचारले नाही, तर नोंद अर्धीच राहते.

मात्र येथे मला तुमच्या बाजूने नव्हे, तर तुमच्या परीक्षकाच्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे. आनंद ही घडलेली गोष्ट असेल, तर कंटाळा हीही घडलेली गोष्ट आहे, आणि कितीही हुशार स्पष्टीकरणाने तो पुसता येत नाही. ‘हारुही सुझुमिया’ या ॲनिमे मालिकेच्या २००९ सालच्या भागांत ‘एंडलेस एट’ नावाचा प्रयोग आहे. त्यातील पात्रे सुट्टीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत अडकतात, तोच काळ हजारो वेळा पुन्हा जगतात, आणि मालिकेनेही जवळजवळ तीच कथा सलग आठ भागांत सांगितली, प्रत्येक भागाची चित्रे नव्याने काढून आणि संवाद नव्याने ध्वनिमुद्रित करून. एका पात्राला ही सगळी आवर्तने आठवत असतात, आणि तिचा थकवा प्रेक्षकाला अंगावर घेता यावा हा हेतू मला मान्य आहे. त्यामागच्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही माझे मत असे आहे की चौथ्या भागापर्यंत तो हेतू पुरा पोहोचतो आणि नंतरचे भाग प्रेक्षकाच्या धीराचा अंत पाहतात. हेतू उंच होता म्हणून प्रेक्षकाने कंटाळल्याची लाज बाळगू नये, जसे तुम्ही रडल्याची बाळगू नये.

‘इव्हँजेलियन’ या ॲनिमे मालिकेचे शेवटचे दोन भाग मार्च १९९६ मध्ये दाखवले गेले, तेव्हा बाहेरच्या संघर्षाचा निकाल न दाखवता दिग्दर्शक हिदेआकी अन्नो यांनी प्रेक्षकाला पात्रांच्या मनात नेऊन सोडले, रेखाटने, स्थिर चित्रे, पडद्यावरचे शब्द यांनी ते भाग भरलेले आहेत. पुष्कळ प्रेक्षक संतापले, आणि १९९७ साली चित्रपटातून वेगळा शेवट समोर आला. जे संतापले ते अरसिक नव्हते, आणि ज्यांना तो पहिला शेवट आतून हलवून गेला तेही भाबडे नव्हते. दोन्ही बाजूंचे उत्तम लेखन मी वाचले आहे, आणि या दोन्हींतून मिळून मला ती मालिका जितकी कळली तितकी एका बाजूने कळली नसती.

तुमच्या मैत्रिणींच्या म्हणण्याविषयी फार लिहीत नाही. करमणूक हा शब्द त्या जणू रिकाम्या डब्यासारखा वापरतात, पण करमणुकीच्या आतही अनेक प्रकार आहेत. २००४ साली तीन गेम अभ्यासकांनी मांडलेल्या एका प्रसिद्ध आराखड्यात गेममधून मिळणाऱ्या आनंदाचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि कथा हा त्यांतला फक्त एक आहे. आव्हान, शोध, सोबत, स्वतःला व्यक्त करणे हे इतरांपैकी काही. ठोकळे रचण्याच्या ‘टेट्रिस’ या जुन्या गेममध्ये कथा मुळीच नाही, आणि त्याला कमकुवत कथेचा गेम कोणी म्हणत नाही. तेव्हा आनंद कोठून आला याचा विचार करणे हे आनंदाच्या विरोधात जात नाही. तुमची तेवढी इच्छा अगदी रास्त आहे आणि ती सोडू नका.

समीक्षा वाचणे सोडा असे मी म्हणणार नाही, पण क्रम बदला. मालिका किंवा गेम संपल्यावर काहीही ऐकण्याआधी, शक्यतो त्याच दिवशी, स्वतःसाठी अर्धे पान लिहा: श्वास कुठे रोखला गेला, हात कुठे थांबला, कोणत्या प्रसंगानंतर मन दुसरीकडे गेले. तिथे ‘चांगले’ आणि ‘वाईट’ हे शब्द वापरू नका, काय घडले तेवढेच लिहा. त्यानंतर परीक्षण ऐका आणि त्या पानाशेजारी ठेवा. जे समीक्षक तुमच्या पानावरच्या एखाद्या ओळीचे कारण सांगतात, म्हणजे तुम्ही तिथे का थांबलात किंवा का कंटाळलात हे उलगडतात, त्यांच्याकडे पुन्हा जा, मग ते तुमच्याशी असहमत असले तरी चालेल. जे केवळ चुकांची गणती करतात, त्यांची गणती बरोबर असली तरी त्यांना वारंवार ऐकण्याचे कारण मला दिसत नाही; ती सवय अंगी लागते, आणि तुमच्या पत्रावरून तुम्हाला ती लागली आहे. सध्या एक-दोन महिने मालिका चालू असताना मनातला हिशेब सुरू झाला, तर त्याच्याशी भांडू नका. ‘हे नंतर लिहीन’ एवढे स्वतःला सांगा आणि पडद्याकडे परत या. आणि तो साठ तासांचा गेम पुन्हा खेळणार असाल तर आक्षेप तपासायला नव्हे, तर तुम्ही जिथे रडलात त्या जागेपर्यंत गेमने तुम्हाला कसे नेले हे पाहायला खेळा.

राहिला तुमचा भाऊ. पत्रातील तो भाग वाचून मला वाईट वाटले, कारण असे माझ्या हातूनही घडले आहे: एका मैत्रिणीने अतिशय आनंदाने दाखवलेल्या मालिकेचे दोष मी तिथल्या तिथे सांगितले होते, आणि त्यानंतर तिने मला पुन्हा कधी काही दाखवले नाही. माझे मुद्दे बरोबर होते, पण तिने मला मुद्दे विचारलेच नव्हते. तुमच्या भावाने तुम्हाला परीक्षण मागितले नव्हते; तो त्याचा आनंद तुमच्या शेजारी बसून घेत होता, आणि मोठ्या बहिणीचा शब्द लहान भावाला किती जड वाटतो हे तुम्हाला त्या क्षणी सुचले नसेल. त्याला लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका. ‘त्या दिवशी मी चुकले’ एवढे म्हणा, आणि तोच भाग त्याच्यासोबत पुन्हा पाहायची तयारी दाखवा. तो कदाचित लगेच हो म्हणणार नाही. आठवडाभराने पुन्हा विचारा. बसलात की त्याला त्यातले काय आवडले ते विचारा, आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नका.

तुमची,
ताई